मानाच्या फटक्याची आणि तांब्यावरील शून्याची हकीकत

श्री मैदानदेवता समर्थ असे. दोन उभे खांब, एक आडवी दांडी आणि मागे जाळे, ऐशा त्या दारास साष्टांग दंडवत घालोन ही हकीकत लिहावयास घेतली. लिहिणार कोण हे कोणी पुसो नये. डोळां पाहिले ते लिहिले, कानी ऐकिले ते चौघांस विचारोन लिहिले, आणि आमची बाजू जेथे सरस जाहली तेथे अंमळ आवाज चढवोन लिहिले, त्याची माफी मागणार नाही. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी भाद्रपदमासी फुटबॉलची मोहीम सुरू जाहली, ती शके एकोणीसशे अठ्ठेचाळीस, पराभवनाम संवत्सरी वैशाखमासी तडीस गेली, त्या एका हंगामाचा हा मजकूर.

राज्य कोणते ते सांगण्याचे कारण नाही, ज्यास ठाऊक त्यास ठाऊक. तेथे शेती होती, बाजार होता, कज्जेखटलेही होते, परंतु रयतेचा जीव सारा फुटबॉलात. सोळा दौलतींची मिळोन एक साखळी, प्रत्येकाने प्रत्येकाच्या मैदानी एकवार जावे आणि आपल्या मैदानी एकवार बोलवावे, जिंकल्यास तीन गुण, बरोबरीस एक, हरल्यास हात हलवीत घरी यावे, आणि हंगामाअखेर तळाच्या तीन दौलतींची खालच्या साखळीत रवानगी व्हावी, ऐसा करार. खालच्या साखळीत जाणे म्हणजे मैदानास गवत नाही, पंचास शिटी नाही, आणि सोयरेधायरे लग्नाच्या पंगतीत मुद्दाम विषय काढोन हसतात. आमचे पथक तेथे कधी गेले नव्हते, आणि जाईल ऐसे कोणाच्या स्वप्नीही नव्हते. पथकाचे धनी खासा महाराज. पथकास शिकविणार, कोणी कोठे खेळावे ते ठरविणार, सरनौबत रायाजी जगदाळे, मनुष्य कामाचा, परंतु भिडस्त. दारी उभा हसन मुजावर, लोकांचा हसनखान, दोन्ही हातांनी पकडला चेंडू आजवर सुटला नाही. आघाडीस सिदोजी काटकर, वयाने कोवळा, पायांत विजेचा खेळ. आणि त्याच आघाडीस, सर्वांचे आबा, मालोजीराव इंगवले.

मालोजीरावांची थोरवी अशी की, सहा वर्षांमागे दरबारी चषकाचा निर्वाणीचा सामना नदीपलीकडच्या दौलतीशी जाहला, तेव्हां मालोजीरावांनी गोलखांबांपुढील चुन्याने आखल्या चौकात, अगदी डाव्या अंगास उभे राहोन, जेथोन खांब जेमतेम अर्धा दिसतो, तेथोन ऐसा फटका मारिला की पलीकडच्यांचा द्वारपाल जाळ्याकडे वळोन पाहतच राहिला. चषक आला, हत्तीवरोन मिरवणूक निघाली, आणि महाराजांनी खुशीत येवोन भर दरबारी सनद दिली की, जोवर मालोजीराव चौकात उभे असतील, तोवर पहिला फटका त्यांचा. इतरांनी चेंडू त्यांस द्यावा, त्यांनी नको म्हटल्यास मग आपण मारावा. यास मानाचा फटका म्हणू लागले. आमच्या राज्यात होळीची पहिली पोळी मानकऱ्याची, जत्रेतला पहिला नारळ मानकऱ्याचा, मग चेंडूने काय पाप केले, ऐसे सर्वांस वाटले, आणि लिहिणारासही बहुत गोड वाटले. आणिक एक रिवाज असा की, ज्या सामन्याने हंगामाचा निवाडा व्हावा, त्याचा एक ताम्रपट करोन तालमीच्या भिंतीस ठोकावा आणि त्यावर खेळाडूंची नावे व ज्याचे त्याचे गोल कोरावे. चषकाच्या ताम्रपटावर मालोजीरावांचे नाव सर्वांत वर, पुढे गोल दोन. पोरे शाळेत जाता जाता ते वाचीत.

तर या हंगामी पथक निघाले ते मोठ्या डौलाने निघाले, आणि मग काय जाहले ते देवच जाणे. चेंडू सदा आमच्या पायी, धावाधाव आमची, चढाई आमची, पलीकडचे आपल्या चौकात घाबरोन उभे, आणि शिटी वाजता पाहावे तो गोल त्यांचा एक, आमचा नाही. ऐसे एकदा जाहले, दोनदा जाहले, मग नित्याचेच जाहले. दिवाळी गेली, संक्रांत गेली, आणि फाल्गुनात गुणतक्ता पाहिला तो सोळांत आमचा क्रम चौदावा, म्हणजे बुडणाऱ्या तिघांत वरचे आम्ही. रयत खवळली. चौकात चेंडू आला की सिदोजी तो मालोजीरावांस देई, म्हणोन त्यास कोणी वाढपी म्हणू लागले. स्वतः जेवीत नाही, दुसऱ्याच्या पानात वाढतो, पंगतीस पाठवा याला, ऐसे ओरडत. हसनखानावर अडतीस गोल जाहले, म्हणोन त्याच्या घरावरोन जाताना लोक मुद्दाम खोकत. मालोजीरावांस मात्र कोणी ब्र काढिला नाही. उलट म्हणत, आबा आहेत म्हणोन इतके तरी आहे.

तेव्हां महाराजांनी मसलत बोलाविली. कारभारी म्हणाले, हे सारे दैव. चेंडू खांबास लागतो, दांडीस लागतो, यास कोण काय करील. उपाध्ये म्हणाले, चैत्रापासोन संवत्सराचे नावच पराभव, तेव्हां आधी शांत करावी. महाराज म्हणाले, शांत करू, आणि सिदोजी नि हसन या दोघांस वैशाखअखेर नारळ देऊ. सरनौबत रायाजी मान खाली घालोन उभे होते, ते चाचरत बोलिले की, नारळ देण्यापूर्वी कोणी जाणता हंगामाची पारख करील तर बरे. आमच्याच गावची सगुणाबाई रिसबूड दूरच्या विद्यापीठी आकडेशास्त्र शिकोन आली आहे, मोठमोठ्या दौलती ऐशा लोकांस पदरी बाळगितात. कारभारी हसले. परंतु महाराजांस रायाजीच्या तोंडाकडे पाहोन दया आली आणि बाईंस बोलावणे गेले.

सगुणाबाई आली. वय तिशीच्या आत, जाड भिंगांचा चष्मा, बोलणे मोजके, आणि समोर राजा असो की रिक्षावाला, आवाज एकच. तिने हंगामातील साऱ्या सामन्यांच्या चित्रफिती मागितल्या, संगणक नामे यंत्र पुढ्यात घेतले, आणि खोलीचे दार लावोन बसली. लोक म्हणाले, गुण तर तक्त्यात दिसतात, ही आणिक काय मोजते? मग दरबार भरला. कारभाऱ्यांनी हातभर प्रस्तावना केली की आमचे दैव कसे खोटे, आणि मग बाईंस बोलण्याची खूण केली.

बाई म्हणाली की गोल किती जाहले हे पाहोन खेळ कळत नाही, फटका कोठोन सुटला ते पाहावे लागते. हजारो सामने पाहोन जाणत्यांनी ठरविले आहे की अमुक जागेवरोन शंभर फटके मारिले तर किती आत जातात. ऐन खांबांसमोरोन मारिले तर शंभरांत चाळीस जातात, कोपऱ्यातोन मारिले तर शंभरांत दहाही जात नाहीत. तेव्हां प्रत्येक फटक्यास त्याच्या जागेचे मोल लावावयाचे आणि सर्वांची बेरीज करावयाची. जी येईल, तितके गोल त्या पथकास होणेजोगे होते ऐसे समजावे. जाहलेले त्याहोन फार कमी असतील तर दैव खोटे, फार जास्त असतील तर दैव खरे. इतके सांगोन ती म्हणाली, आपले होणेजोगे गोल चोवीस, जाहलेले तेवीस. दैवाने एक गोल खाल्ला असेल, तो सोडोन द्या.

दैव खोटे हा एवढाच तर आम्हांस आधार होता, तोही बाईने काढोन घेतला. उपाध्यांनी शांतीची यादी हळूच घडी करोन खिशात ठेविली. मग बाई हसनखानाकडे वळली आणि म्हणाली, हेच मोल दाराकडे येणाऱ्या फटक्यांसही लावोन पाहिले. यांच्यावर पलीकडच्यांनी ऐसे फटके मारिले की साधारण द्वारपालावर पंचेचाळीस गोल होते, यांच्यावर अडतीस जाहले. सात यांनी घरचे समजोन अडविले. छप्पर गळते म्हणोन खाली ठेविली बादलीच कोणी बाहेर फेकीत नाही महाराज. हसन मुजावर आडदांड मनुष्य, तो भर दरबारी पदराने, म्हणजे अंगरख्याच्या टोकाने, डोळे पुसू लागला. आणि ज्यांनी ज्यांनी त्याच्या घरापुढे खोकिले होते, त्यांस एकाएकी खरोखरीच खोकला आला.

मग महाराजांनी पुसिले, दैव खोटे नाही, द्वारपाल खोटा नाही, चेंडूही सदा आमच्याच पायी, तर गोल जातात कोठे? बाई मग म्हणाली की चौकात शेवटचा चेंडू कोणी कोणास दिला ते पाहिले, आणि देण्यापूर्वी चेंडू होता त्या जागेचे मोल काय, दिल्यावर पोहोचला त्या जागेचे मोल काय, हेही ताडून पाहिले. इतर पंधरा दौलतींत शेवटच्या देण्याने मोल वाढते. आपल्यात घटते. आपण चेंडू चांगल्या जागेवरोन वाईट जागी नेतो आणि मग मारितो. कारभारी म्हणाले, आकडे काय चेंडू मारतात बाई? ती म्हणाली, नाही मारीत, म्हणोनच मैदानात चला.

मग सारा दरबार मैदानात आला. ऊन टळटळीत, कारभाऱ्यांच्या टकुऱ्यावर छत्री. बाईने चौकात चुन्याने दोन खुणा केल्या, एक खांबांच्या ऐन मधोमध, दुसरी डाव्या अंगास. दारात हसन उभा केला, पुढे दोन गडी आडवे ठेविले, आणि मालोजीरावांस नमस्कार करोन म्हणाली, आबासाहेब, दोन्ही जागांवरोन दहा दहा फटके मारोन दाखवाल का. मालोजीराव हसले. वय चढले तरी पाय तोच, त्यांस काय अवघड. मधल्या खुणेवरोन दहा मारिले, सात आत गेले, लोकांनी टाळ्या पिटिल्या. डाव्या खुणेवरोन दहा मारिले. पहिला हसनने अडविला, दुसरा खांबावरोन गेला, तिसरा बाहेर. लोकांच्या टाळ्या हळू जाहल्या. दहांत दोन आत गेले. मग मालोजीराव चेंडूवर पाय ठेवोन उभे राहिले. त्यांनी पुसिले, ही मधली जागा कोणाची. बाई म्हणाली, सिदोजीची. त्यांनी पुसिले, आणि ही डावी. बाई म्हणाली, आपली, चषकापासोन आपण तेथेच उभे असता. मालोजीरावांनी पुसिले की चेंडू कोणीकडोन कोणीकडे जातो. ती म्हणाली, मधोन डावीकडे. किती वेळा, ऐसे त्यांनी पुसिले, आणि ती म्हणाली की या मोहिमेत चाळिसांहोन अधिक वेळा, आणि त्यात सुमारे बारा गोल गेले. मालोजीराव तेथेच गवतावर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले. गाठ बसली होती, ती त्यांस सुटेना, तेव्हां सिदोजी धावत जावोन पायाशी बसला आणि त्याने ती सोडविली.

आता वाचणार म्हणतील, रोग सापडला, औषध सोपे, सनद फाडावी. ऐसे म्हणणारास आमचे राज्य ठाऊक नाही. महाराज म्हणाले, भर दरबारी दिला मान परत कोणत्या तोंडाने घेऊ. खाली गेलो तर पुन्हा वर येऊ, शब्द गेला तर येत नाही. सरनौबत रायाजींस पुसिले की तुम्हांस हे दिसत नव्हते काय, तेव्हां ते म्हणाले, दिसत होते महाराज, जीभ रेटत नव्हती. मालोजीरावांस बाहेर बसवावे तर रयत सरनौबताचे घर जाळील. राहता राहिला सिदोजी. त्यास महाराजांनी आडून सुचविले की तूच मार, आम्ही काही म्हणणार नाही. तो पोर म्हणाला, आबा समोर उभे असता माझा पाय उठत नाही, मला नारळ द्या. ऐसा पेच पडला. सर्वांस कळले होते, आणि कोणाच्याने काही होत नव्हते. आणि हे सर्व कळोनही पुढले सामने तसेच खेळिले गेले, चेंडू मधोन डावीकडे जाई, मालोजीरावांनी नको म्हणावे तर तोवर पलीकडचा गडी येवोन घेवोन जाई, मारावा तर हुके. त्यांचा पाय जड जाहला होता. शेवटचा सामना राहिला, आपल्याच मैदानी, नदीपलीकडच्या दौलतीशी. जिंकलो तर तरलो, बरोबरी केली तरी बुडालो.

त्या सामन्याच्या आदले दिवशी दुपारी मालोजीराव एकटे सगुणाबाईच्या खोलीत गेले. हे बोलणे बाईनेच पुढे सांगितले, म्हणोन लिहितो. मालोजीराव म्हणाले, बाई, उद्या मी पाय मुरगळल्याचे सोंग करोन घरी राहिलो तर? बाईने चष्मा काढिला, पुसिला, आणि म्हणाली, मी तेही मोजिले आहे. आपण नसलात तर पलीकडचे सारे बचावाचे गडी सिदोजीवर तुटोन पडतील, आणि तो काही मारू शकणार नाही. आपण असता तेव्हां दोन गडी सदा आपल्या मागे असतात. चषकाचा तो फटका ते अजून विसरले नाहीत. आपण जेथे जाल तेथे ते दोघे येतात. मालोजीरावांनी विचारिले, मी पाणी प्यावयास गेलो तरी? बाई म्हणाली, तरी येतील, आणि आपल्याआधी लोटा उचलतील. मालोजीराव पुष्कळ दिवसांनी हसले. मग त्यांनी विचारिले की, सनदेत काय लिहिले आहे, तोंडपाठ आहे काय तुम्हांस? ती म्हणाली, नाही. ते म्हणाले, मला आहे, आणि उठोन गेले.

दुसरे दिवशी वैशाखाचे ऊन उतरताना सामना सुरू जाहला. मैदानात तीळ ठेवावयास जागा नव्हती, झाडांवर माणसे, पाण्याच्या टाकीवर माणसे. शिटी जाहली, आणि पाहतो तो मालोजीराव डाव्या खुणेवर नाहीत. चौकाच्या बाहेर, चुन्याच्या रेघेपलीकडे, दोन्ही हात पाठीशी बांधोन उभे. लोकांस वाटले, दम घेत असतील. आमची चढाई जाहली, चेंडू सिदोजीपाशी आला, जागा मधली, समोर दार, आणि त्या पोराने सवयीने, न पाहताच, चेंडू डावीकडे दिला. डावीकडे कोणी नव्हते. चेंडू रिकाम्या जागेवरोन गडगडत बाहेर गेला. मैदानातोन ऐसी हाय निघाली की टाकीवरची कबुतरे उडाली. पलीकडच्यांनी तोच चेंडू घेवोन दौड केली आणि हसनखानाचा इलाज न चालता गोल केला. मग लोक मालोजीरावांवर उलटले. ज्या तोंडांनी सहा वर्षे आबा आबा केले, त्याच तोंडांनी म्हणाले, म्हातारा भ्याला, चौकात जाईना. कोणी चप्पल फेकिली, ती त्यांच्या पायाजवळ पडली. त्यांनी ती उचलोन मैदानाबाहेर ठेविली आणि पुन्हा येवोन रेघेबाहेर उभे राहिले. आम्ही तेव्हां कडेस होतो. आमच्या डोळ्यांस पाणी आले, ते लपवीत नाही.

आणि मग पुन्हा चढाई जाहली. चेंडू पुन्हा सिदोजीपाशी, जागा तीच. त्याने या खेपेस डावीकडे पाहिले. तेथे नुसता चुना. आणखी पलीकडे पाहिले तो मालोजीराव रेघेबाहेर, आणि त्यांच्या दोन्ही अंगांस पलीकडचे दोघे बचावाचे गडी, पाहुण्यास घेवोन उभे राहावे तैसे, चिकटोन उभे. चौक मोकळा पडला होता, त्यात खाट टाकोन निजावे इतका मोकळा. मालोजीराव फार मोठ्याने बोलिले नाहीत, परंतु त्या क्षणी मैदान चूप होते, म्हणोन सर्वांस ऐकू गेले.

"सिदोजी, मी चौकात नाही."

इतकेच. सनद म्हणते, जोवर मालोजीराव चौकात उभे असतील तोवर. महाराजांचा शब्द जागच्या जागी राहिला, आणि पोराचा पाय मोकळा जाहला. सिदोजीने फटका मारिला. पलीकडच्या द्वारपालाने उडी घेतली ती चेंडू जाळ्यात पोहोचल्यावर घेतली. मग काय विचारता. पलीकडच्यांच्या सरनौबताने कडेवरोन ओरडोन त्या दोघांतील एकास चौकात परत बोलाविले. तो निघाला, तों मालोजीरावांनी एक पाऊल चौकाकडे टाकिले, रेघेस मात्र शिवू दिले नाही. तो गडी धावत माघारी आला. ऐसे दोनदा जाहले, तिसऱ्यांदा लोक हसू लागले. आणि खेळ संपत आला असता, मालोजीरावांनी रेघेवर पाय उचलिला, दोघेही त्यांजकडे झेपावले, मधोन सिदोजी सुटला, आणि दुसरा गोल ऐसा केला की जाळ्याची एक गाठ तुटली. शिटी जाहली. आमचे दोन, त्यांचा एक. तरलो.

मग जी मिरवणूक निघाली ती काय वर्णावी. सिदोजीस खांद्यावर घेतले, आणि वाढपी म्हणणारे सर्वांत पुढे नाचत होते, निर्लज्ज लेकाचे. हसनखानाच्या दारात पेढ्यांची टोपली ठेविली, तीही कोणी खोकल्याशिवाय ठेविली. मालोजीराव मिरवणुकीच्या मागोन, बूट हातात घेवोन, चालत आले. नेहमीची लेखी नोंद ज्यांनी केली त्यांस मालोजीरावांविषयी लिहावयास काही मिळाले नाही. गोल नाही, फटका नाही, कोणास गोलाचा चेंडू दिलेला नाही. दुसरे दिवशीच्या वर्तमानपत्री त्यांचे नाव केवळ खेळाडूंच्या यादीत आले, आणि त्यातही आद्याक्षर चुकले.

पुढे ताम्रपटाचा दरबार भरला. कारागीर तांब्याचा पत्रा व छिन्नी घेवोन बसला, आणि कारभारी नावे वाचू लागले. सिदोजी काटकर, गोल दोन. हसन मुजावर, याचे नावापुढे महाराजांच्या आज्ञेने अडविले फटके कोरिले, हा रिवाज नवा. मग मालोजीराव इंगवले, आणि कारभारी अडखळले. महाराजांस फार वाईट वाटले. त्यांनी सगुणाबाईंस पुसिले की बाई, तुमच्या शास्त्रात यांच्या नावे लिहिण्याजोगा काही आकडा असेल तर द्या. बाई म्हणाली, आहे महाराज. हे रेघेबाहेर उभे होते त्या वेळी चौकातल्या आपल्या जागेचे मोल दुपटीहोन वाढले. दोन्ही गोलांत यांचा वाटा मी निम्म्याचा धरिते. चेंडूस पाय न लावता ऐसे कोणी केल्याचे मी पाहिले नाही. दरबार वाहवा म्हणाला. महाराज हर्षून म्हणाले, मग एक गोल यांच्या नावे कोरा, सिदोजीची हरकत नसावी. सिदोजी म्हणाला, दोन्ही कोरा. कारागिराने छिन्नी टेकविली, तोंच मालोजीराव पुढे आले आणि त्यांनी पत्र्यावर हात ठेविला.

"शून्य कोरा महाराज. त्या चषकाच्या ताम्रपटापासोन आजवर माझ्या नावे जितके गोल लागले, तितके पोरांनी माझ्यापुढे आणोन ठेविले. हे शून्य तेवढे मी स्वतः कमाविले आहे."

सिदोजी रडत होता, त्यास रडू दिले. महाराजांनी मान हलविली आणि कारागिराने कोरिले, मालोजीराव इंगवले, शून्य. मग मालोजीरावांनी मानाच्या फटक्याची सनद कमरेस होती ती काढिली, महाराजांच्या पायाशी ठेविली, आणि आपण होवोन परत केली. आपण होवोन परत दिला मान घेण्यास महाराजांस काही अडचण नव्हती, तो त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

हंगामाची गोळाबेरीज अशी. गुणतक्त्यात क्रम तेरावा. होणेजोगे गोल अखेरच्या दिवसापर्यंत जेमतेम, अखेरच्या दिवशी भरपूर. द्वारपाल अव्वल, त्याची नेमणूक कायम. सिदोजीस नारळ दिला तो देवापुढे फोडावयास दिला. सगुणाबाई रिसबूड पदरी राहिली, तिच्या खोलीचे दार आता लावीत नाहीत, कारण कारभारी येता जाता आत डोकावोन मोल पुसतात. संवत्सराचे नाव पराभव होते, ते नदीपलीकडच्यांनी आपल्याकडे ठेवोन घेतले. आणि तालमीच्या भिंतीवर तो ताम्रपट ठोकिला आहे. मैदानात उतरताना पोरे मालोजीरावांच्या नावापुढील आकड्यास हात लावोन जातात. पावसाळ्याच्या दमटपणाने सारे तांबे काळवंडले, शून्य तेवढे हात लागोन लागोन लखलखीत आहे. पाहिले तितके लिहिले, लेखणी धुवोन ठेविली.